सासूबाईंच्या गोळ्या मी बंद केल्या

सासूबाई सहा वर्षांपासून खात होत्या त्या दुखण्याच्या गोळ्या मी एका सोमवारी सकाळी एकदम बंद केल्या. सगळ्या. कोणाला विचारलं नाही. डॉक्टरला विचारलं असतं तर तो काहीतरी बोलला असता, आणि मला तेव्हा ऐकायचं नव्हतं, सांगायचं होतं.

पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मी विज्ञान शिकवलं. निवृत्त मास्तराचं अवघड असतं. वर्ग सुटतो, शिकवणं सुटत नाही. मग भाजीवाली, एसटीत शेजारी बसलेला परका माणूस, जो सापडेल तो विद्यार्थी. त्यात हातात मोबाईल आलेला. त्या रविवारी मी एक व्हिडिओ पाहिला. पांढऱ्या कोटातला एक माणूस सांगत होता की दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर शरीराची कशी माती होते. मी अर्धा पाहिला. मध्ये जाहिरात आली म्हणून बंद केला. उरलेल्या अर्ध्यात तो माणूस हात जोडून म्हणतो की या गोळ्या आपल्या मनाने एकदम सोडू नका. हे मला शुक्रवारी कळलं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे अर्जुनीला होत्या, आणि राजीखुशीने नव्हत्या. त्यांचं घर इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या एका गावात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. दोन एकर धान, एक म्हैस, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या, एकट्या. सहा वर्षांपूर्वी रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, कंबर धरली तेव्हा कोण्या डॉक्टरने पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस संपले, गोळ्या संपल्या नाहीत. गावातून कोणीही बाजाराला निघालं की सासूबाई पदराच्या गाठीतून रिकामं पाकीट काढून त्याच्या हातात द्यायच्या, आणि संध्याकाळी भरलेलं पाकीट घरी यायचं. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, झोपताना नसांची एक. या चार गोळ्यांनी पोटात आग पडायची म्हणून पाचवी.

आषाढात, त्यांच्या शेतातला रोवणा आटोपत आला असताना, अंगणात चक्कर येऊन त्या पडल्या. हाड मोडलं नाही. पण शेजारच्या वहिनीला त्या दिसल्या तेव्हा दोन तास होऊन गेले होते.

मग मुलींची बैठक बसली. मुली दोनच, मोठी गोंदियाला आणि धाकटी माझ्या घरात. मोठीने सगळं ठरवूनच आणलं होतं. घराला कुलूप, म्हैस विकायची, शेत ठेक्याने द्यायचं, आणि आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कार्तिकात धान कापाच्या वक्ताले मी माज्या घरी राहीन."

"अन् परत चक्कर येऊन पडली तर?" मोठी म्हणाली. "कोनी पाहाले येईल का?"

चक्कर गोळ्यांची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी असं ठरलं, की कार्तिकापर्यंत चक्कर थांबली तर आई घरी जाईल, नाही तर कुलूप.  कुलूप या शब्दावर सासूबाईंनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या, ते मी पाहिलं. आणि माझ्या डोक्यात आलं, की एवढा सोपा तर प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत सासूबाई माझ्याशी थेट एक वाक्य बोलल्या नव्हत्या. जुनी चाल. जवाई दिसला की पदर डोळ्यांपर्यंत, आणि काय म्हणायचं ते मुलीला म्हणायचं. मुलगी नसली तर नातवाला. कोणीच नसलं तर खांबाला. "जवायाले म्हना, चहा थंडा होऊन राहिला," असं त्या आमच्या पडवीतल्या खांबाला सांगायच्या आणि मी खांबाला "हो" म्हणून चहा प्यायचो. याच चालीचा दुसरा भाग असा की जवायाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. हे मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी ऐन वेळी विसरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

सोमवारी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मूत्रपिंडाची आकृती काढली आणि वीस मिनिटं बोललो. सासूबाईंनी शेवटी बायकोला विचारलं, "जवाई काय म्हनून राहिले?"

"गोळ्या बंद करा म्हनून राहिले," बायको म्हणाली.

सासूबाईंनी गोळ्यांचा डबा दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, पटलं. पस्तीस वर्षांत माझं शिकवणं एवढ्या लवकर कोणालाच पटलं नव्हतं, तिथेच शंका यायला हवी होती. डबा मी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या खिशात टाकली.

मंगळवारी त्यांना सारख्या जांभया येऊ लागल्या आणि नाक गळायला लागलं. सर्दी, असं निदान करून मी तुळशीचा काढा उकळला. बुधवारी घाम, अंगावर काटा, पोट बिघडलेलं. शेजारी विचारपूस करायला आले तर मी त्यांना गेटापाशीच सांगितलं की सहा वर्षांचं विष निघून राहिलं, हे चांगलं लक्षण आहे. शेजाऱ्यांनी मान हलवली. मास्तरचं म्हणणं खोटं कसं असेल?

गुरुवारी पहाटे बायको चहा ठेवायला उठली तर सासूबाई खाटेवर बसलेल्या, दोन्ही हातांनी खाटेची कड धरलेली, पाय आपोआप झटके मारताहेत, दात वाजताहेत. बायकोने त्यांना धरलं. "आई, काऊन नाई सांगतलं?"

"जवायाचा शब्द होता."

तेहतीस वर्षांत बायकोने माझ्याकडे नाना परींनी पाहिलं आहे. ही परी नवी होती. तिने हात पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "चाबी." मी दिली.

शेजाऱ्याची गाडी काढली. वाटेत सडक अर्जुनी हे दुसरं गाव लागतं, त्यानंतर हायवेला ट्रकांची रांग, आणि मी समोरच्या सीटवर बसून प्रत्येक ट्रकच्या मागे काय लिहिलं आहे ते वाचत होतो, कारण मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. मागच्या सीटवर सासूबाईंचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं.  एकदा सासूबाई पुटपुटल्या, "घरी ने मले." बायको म्हणाली, "नेतो ना माय." कोणाच्या घरी ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि मलाही.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाई माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींपेक्षा फार मोठ्या नसतील. जुन्या दुखण्यांचंच काम करायच्या. बोलायला मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवायच्या. मी पुढे होऊन म्हणालो, "मॅडम, तसं विशेष काही नाही, गोळ्या जरा कमी केल्या."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या."

"किसने बोला था?"

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा चांगला होता. त्यांनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, मग सासूबाईंना म्हणाल्या, "आई, काय काय होतंय ते तुम्ही सांगा."

सासूबाई बायकोला म्हणाल्या, "बाईले सांग..."

"नाही, मला सांगा. और इनके सामने बताइए, यांनीच बंद केल्या ना."

 सासूबाईंनी पदर मागे सारला, माझ्याकडे पाहिलं आणि तेहतीस वर्षांतलं पहिलं वाक्य बोलल्या. "जवाई, तुमी मले मारत होते."

आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसा होता. मला कुठे बघावं कळेना आणि या वेळी पंखाही कामाला आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. शरीराला या गोळ्यांची सवय होते. माळ्यावर चढलेला माणूस शिडीने उतरतो, उडी मारत नाही; मी त्यांना वरून ढकललं होतं. गोळ्या त्याच वेळी पुन्हा सुरू केल्या, दुपारपर्यंत दवाखान्यातच ठेवलं. दुपारी सासूबाईंचे पाय शांत झाले आणि त्या झोपल्या. त्यांचा श्वास एका लयीत चाललेला पाहून मी बाहेर जाऊन पानठेल्यावर उभा राहिलो आणि पान न खाता परत आलो. त्या दिवशी मला कोणी कितीही शिव्या दिल्या असत्या तरी गोड लागल्या असत्या.

त्या जाग्या झाल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "आई, दुखणं पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. सगळ्या गोळ्या जातील असंही नाही. तुम्हाला काय पाहिजे, ते सांगा."

"कार्तिकात घरी जाऊन राहाचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर सगळ्यात वर तेच लिहिलं. मग खाली पायऱ्या. आधी चक्कर आणणारी रात्रीची गोळी थोडी थोडी उतरवायची. मग दुपारची. मग पुढचं पाहू. दर पायरीवर निदान दोन आठवडे. त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचं, आणि काहीही बदलायच्या आधी त्यांना फोन. मी विचारलं, पायरी केव्हा उतरायची ते मी कसं ठरवू?

"आप नहीं. आई ठरवतील, मला सांगतील. तुम्ही फक्त लिहा."

अशी माझी कारकुनी सुरू झाली. रोज दुखणं किती ते शून्य ते दहात लिहायचं होतं. मी सासूबाईंना समजावलं की दहापैकी मार्क द्यायचे. त्या म्हणाल्या, "दहा कायचे? मार्क चांगल्या गोष्टीले देत असतेत." बरोबरच होतं. शेवटी धान मोजायच्या पायलीवर तडजोड झाली. दहा पायल्या म्हणजे जीव नकोसा, एक पायली म्हणजे आहे-नाही. रोज सकाळी मी वही घेऊन बसायचो आणि त्या सांगायच्या, आज सहा, आज सात, आज साडेपाच. अर्ध्या पायलीवर मी हरकत घेतली तर म्हणाल्या, "कंबर माजी हाय का तुमची?"

कारण आता त्या माझ्याशी थेट बोलत होत्या. दवाखान्यात एकदा कालव्याचं दार उघडलं ते उघडलंच. तेहतीस वर्षांचं साठलेलं पाणी. मी चहा पिताना आवाज करतो. मी घोरतो आणि सकाळी नाही म्हणतो. मुलगी पाहायला आलो तेव्हा माझ्या मोज्याला भोक होतं, आणि लग्नात मी चौदा जिलब्या खाल्ल्या. "मी मोजून राहिली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं पोट चांगलं हाय पोराचं, अकलेचं मागून पाहू." बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून हसत होती. पडवीतला खांब बेकार झाला.

डॉक्टरीणबाईंनी थोडी हालचाल वाढवायला सांगितली होती. मी शाळेतली शिट्टी शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंगणात कवायत लावली. सासूबाई दोन मिनिटं उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या, मग झाडू उचलून झाडायला लागल्या. शिट्टी बायकोने घेतली. ती अजून तिच्याकडेच आहे.

भादव्यात पहिली पायरी उतरलो. मग दुसरी. सासूबाईंचं डोकं हलकं होऊ लागलं. आणि एक दिवस फार बरं वाटलं म्हणून त्यांनी आमची मागची सगळी वाडी निंदली, एका बैठकीत, वर दोन चादरी धुतल्या. दुसऱ्या दिवशी दहा पायल्या. तिसऱ्या दिवशीही दहा. चौथ्या दिवशी त्या खाटेवरून म्हणाल्या, "लावा मोठीले फोन. सांगा, कुलूप घेऊन ये." त्या हे गमतीने म्हणत नव्हत्या. मी वहीकडे पाहिलं आणि माझं मन म्हणालं की गोळी वाढवून टाक, कोणाला कळतं आहे? मग दुसरं मन म्हणालं, हे पहिलं मन ओळखीचं आहे. मी फोन लावला, पण डॉक्टरीणबाईंना.

त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काय केलं होतं?" मी मोबाईल सासूबाईंच्या तोंडापाशी धरला.

"वाडी निंदली."

"मध्ये थांबल्या नाही?"

"पात धरली तं मंदात कशी सोडू?"

डॉक्टरीणबाईंना पात कळली नाही. मग सासूबाईंनी त्यांना सांगितलं. निंदणाला बाया रांगेने बसतात, प्रत्येकीची एक पट्टी, ती तिची पात. पात धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, न्यायची आणि मगच कंबर सरळ करायची, सगळ्यांनी मिळून. मध्येच जी उभी राहते तिला बाकीच्या विचारतात, काऊन वो, नवी नवरी होय का? पंधराव्या वर्षापासून त्या अशा वाकल्या होत्या आणि मध्येच एकदाही उठल्या नव्हत्या. गोळ्याही तशाच. पात न्यायची, मग दोन गोळ्या घेऊन पडायचं, उठलं की पुढची पात.

 मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, यही तो बात है. दुखायला लागल्यावर नाही थांबायचं, त्याच्या आधी थांबायचं. पात छोटी करा."

छोटी म्हणजे किती? मी मोबाईलवर दर दहा मिनिटांचा गजर लावला. दुसऱ्या दिवशी मोबाईल पाण्याच्या टाकीत सापडला. पडला असेल, असं सासूबाईंचं म्हणणं. मग त्यांनी स्वतःच एक काडी घेतली आणि वाडीत निम्म्या वाटेवर खोचली. काडीपर्यंत निंदायचं आणि उठायचं. ऐकायला सोपं आहे. पण काडीच्या पलीकडे हाताशीच गवताची दोन झाडं दिसायची आणि त्या उभ्या राहून त्यांच्याकडे बघत राहायच्या. हात पुढे जायचा, मागे यायचा. एवढा त्रास त्यांना गोळ्या कमी करताना झाला नसेल. मग सावकाश वळून त्या पडवीत येऊन बसायच्या, गरम पाण्याची पिशवी कमरेला लावायच्या.

आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात. मी एकदा न राहवून म्हटलं, "काऊन मामीजी, नवी नवरी होय का?"

"तुमच्या घरी राहून राहिली," त्या म्हणाल्या, "आता लाज कायची उरली?"

आठ दिवसांनी काडी एक हात पुढे सरकली. वहीत सात, सात, सहा. दसऱ्याला रात्रीची गोळी संपली. त्यानंतर एकदाही चक्कर आली नाही. दुपारची गोळी पुढच्या पायरीला अर्धी करायची होती. डॉक्टरीणबाईंनी करता येते म्हणून सांगितलं होतं. मी सुपारीचा अडकित्ता घेतला. अर्धी गोळी उडून कपाटाखाली गेली आणि मी पोटावर झोपून ती शोधत असताना माझीच कंबर धरली. त्या दिवशी वहीत दोघांच्या पायल्या लिहिल्या गेल्या आणि माझ्या जास्त निघाल्या. मेडिकलमध्ये गोळ्या कापायची छोटी डबी मिळते हे बायकोने दुसऱ्या दिवशी ती आणून दाखवली तेव्हा मला समजलं.

दुखणं गेलं नाही, हे सांगितलं पाहिजे. कधी चार पायल्या, कधी सहा, ढगाळ दिवशी सातही. पूर्वीही सातच असायचं आणि पाच गोळ्या खाऊन असायचं. आता दुपारचीही सुटली होती, पोटातली आग थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी पाचवीही बंद केली होती; सकाळ-संध्याकाळच्या दोन खाऊन होतं, आणि सासूबाई जाग्या होत्या. सहा वर्षं त्या आमच्यात बसून अर्ध्या पेंगत होत्या हे आम्हाला त्या जाग्या झाल्यावर कळलं.

भाऊबीजेला मोठी मेहुणी आली. सासूबाई नळावरून लहान कळशी भरून आणत होत्या. मध्ये एकदा ओट्यावर ठेवली, श्वास घेतला, पुन्हा उचलली. मोठी दारातच उभी राहून पाहत होती. जेवताना सासूबाईंनी तिला तिच्याच सासरच्या तीन भांडणांचा हालहवाल विचारला, नावानिशी, तारखेनिशी. मोठी हात धुताना हळूच बायकोला म्हणाली, "आई तं पैलेसारखी झाली वो." मग माझ्याकडे पाहून, "भाऊजी, काय केलं तुमी?"

मी खरं सांगितलं. "आधी मारत होतो. मग लिहीत होतो."

कुलपाचा विषय तिने काढला नाही. जाताना आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "रोज सकारी फोन करजो मात्र." सासूबाई तोंड वळवून भांडी घासत राहिल्या. बराच वेळ एकच ताट घासत होत्या. मी तिथून उठलो, कारण माझंही नाक गळायला लागलं होतं आणि मंगळवारचं निदान मला पुन्हा करायचं नव्हतं.

कार्तिकात, धान कापणी सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, आम्ही त्यांना घरी पोहोचवलं. दार उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा चूल पाहिली, मग म्हैस, मग कोठीतला उंदरांचा पसारा, आणि प्रत्येक गोष्टीवर शेजारच्या वहिनीला बोलणी बसली. चार महिने वहिनीनेच सगळं सांभाळलं होतं. पण बोलणी खाताना तिचं तोंड हसरं होतं. घरात त्यांचा आवाज भरून राहिला तशी बायको उंबऱ्यावर बसली आणि तिने पाय पसरले. चार महिन्यांत मी तिला असे पाय पसरून बसलेली पाहिली नव्हती. मी पण बसलो. चला, निभावलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या पदराला रिकामी पाकिटं बांधलेली असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी वही बरोबर घेतली होती आणि मनातल्या मनात भाषणाची जुळवाजुळव चालली होती. शिडी, पायऱ्या, आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरला विचारा. एकीने सासूबाईंना विचारलंच, "काकी, पाच गोळ्यांच्या दोन झाल्या म्हनतेत. कोनतं औषध केलं वो?"

मी घसा साफ केला.

"औषध नाई न काई नाई," सासूबाई म्हणाल्या. "चार महिने माज्या जवायाच्या घरी राहून ये. तिथून निंघासाठी मुर्दाबी उठून चालंल."